दात, मानवी, नग एकतीस

सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या वस्तुपरीक्षण कार्यालयात दंतचूर्णाच्या एका डब्याची आवक झाली. डबा हिरवा होता, त्यावर एक पान काढलेलं होतं आणि पानाखाली लिहिलं होतं, 'वनधवल. शंभर टक्के वनस्पतीजन्य. दात पांढरेशुभ्र करते. दिवसातून दोन वेळा घासावे.' आवक कारकुनाने हा मजकूर दोनदा वाचला. आमच्याकडे येणाऱ्या वस्तूंचे चार प्रकार आहेत : खाण्याच्या, नेसण्याच्या, जाळण्याच्या आणि घासण्याच्या. दंतचूर्ण खाण्याचं नव्हतं, नेसण्याचं नव्हतं, आणि ते जळतं का हे बघायला काडेपेटी मागवावी लागली असती. शिवाय डब्यावर स्पष्टच 'घासावे' म्हटलं होतं. म्हणून त्याने डबा घासण्याच्या टेबलावर पाठवून दिला. इथपर्यंत कुणाचंही काही चुकलेलं नाही, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो.

मी या कार्यालयाचा भांडारपाल. जडसंग्रह नोंदवही माझ्या ताब्यात असते. कार्यालयातल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद त्या वहीत होते : खुर्च्या, कपाटं, तराजू, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. बावीस वर्षांत माझ्या वहीत एकही खाडाखोड झालेली नाही. सगळे मला 'वहीवाले' म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे. पुढे जे झालं त्यात माझा हात होता असं काही जण दबक्या आवाजात बोलतात. माझा हात फक्त नोंदीपुरता होता.

घासण्याच्या टेबलावर बसणाऱ्या परीक्षकाला आम्ही कानस म्हणायचो. सव्वीस वर्षं त्याने एकच काम केलं : कोणती वस्तू कोणत्या वस्तूला किती खरवडते ते मोजणं. भांडी घासायची पावडर, ब्रश, पॉलिश पेपर, पायपुसणी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. त्याच्या टेबलावर एक यंत्र होतं. यंत्राला दांडा, दांड्याला गादी, गादीखाली चकचकीत पांढरी फरशी. खटका दाबला की गादी मागेपुढे व्हायची आणि बाजूला आकडे पडायचे. माणूस सरळ, बोलायला खरखरीत, आणि कार्यालयाच्या शिक्क्यावर त्याचा असा विश्वास की लोक देवावरही इतका ठेवत नसतील.

त्याने चूर्ण पाण्यात कालवलं, फरशीवर लावलं आणि यंत्र सुरू केलं. दोन हजार वेळा घासून झाल्यावर फरशीची चमक एका गोल ठिपक्यापुरती साफ निघून गेली होती. त्याने चूर्णात काय काय आहे तेही बघितलं. कोळशाची पूड, लिंबाची वाळवलेली साल आणि अकरा प्रकारचा पाला. आंबट पदार्थ वरचा थर मऊ करतो आणि पूड तो खरवडून नेते, असं त्याने दीड पानात लिहिलं. शेवटी एक ओळ टाकली : 'दातांसाठी शिफारस करता येत नाही.'

एरवी कानस अहवाल लिहून मोकळा व्हायचा. या वेळी मात्र त्याने स्वतः नस्ती उचलून साहेबांच्या केबिनपर्यंत नेली, कारण असाच एक डबा त्याच्या घरी न्हाणीघरातल्या फळीवर बसला होता.

त्याच्या मुलीने एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या जागेसाठी अर्ज केला होता. जाहिरातीत शिक्षणाची अट एका ओळीत होती आणि 'प्रसन्न व शुभ्र हास्य' ही अट तीन ओळींत. मुलाखत तीन महिन्यांवर होती. पोरगी सकाळ-संध्याकाळ घासत होती, आणि घासून झाल्यावर आरशासमोर उभी राहून अनोळखी लोकांचं स्वागत करत होती.

"अगं, फरशी खरवडली त्याने," कानस तिला म्हणाला होता.

"बाबा, वनस्पती आहे ती. पाल्याने काय होणार?"

"पाल्याबरोबर कोळसा पण आहे."

"कोळसा म्हणजे तरी काय? झाडच ना?"

यावर कानसच्या बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं की ज्या माणसाने जन्मभर फरशा घासल्या त्याने दातांच्या भानगडीत पडू नये. शेवटी बापलेकीचा करार झाला. मुलगी म्हणाली, "तुमच्या ऑफिसचा शिक्का येऊ दे. वाईट म्हणाले तर त्याच दिवशी डबा कचऱ्यात. चांगलं म्हणाले तर तुम्ही पुन्हा एक शब्द काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," कानस म्हणाला. ज्याने सव्वीस वर्षं शिक्का मारला त्याला शिक्क्याची भीती वाटायचं कारण नव्हतं. मला हे त्यानेच जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सांगितलं.

साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला. "नैसर्गिक आहे हो हे," ते म्हणाले. साहेबांचा स्वभाव मुळात वाईट नाही. पण त्याच आठवड्यात वरून परिपत्रक आलं होतं की वनस्पतीजन्य वस्तूंबाबत सकारात्मक दृष्टिकोन ठेवावा, आणि अशी वस्तू ज्या पृष्ठभागावर वापरली जाते त्याच पृष्ठभागावर दोष सिद्ध झाल्याखेरीज ती निर्दोष समजावी.

"तुम्ही हे कशावर घासलंत?"

"फरशीवर, साहेब."

"लोक हे फरशीला लावणार आहेत का?"

"नाही. दातांना."

"मग दातांवर घासा. दात म्हणजे फरशी नव्हे," असं म्हणून त्यांनी तेच वाक्य नस्तीवर लिहिलं आणि खाली सही केली.

त्याप्रमाणे कानसने माझ्याकडे मागणीपत्र दिलं : 'दात, मानवी, निरोगी, नग ३२.' मी कामाला लागलो. आमच्या मंजूर वस्तूंच्या यादीत दाताळं होतं, दातेरी चाक होतं, दात नव्हते. गल्लीच्या कोपऱ्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे मी रीतसर पत्र घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, निरोगी दात कुणी काढून घेत नाही, आणि मी काढून देणारही नाही. मग तीन विक्रेत्यांकडून दात पुरवण्याचे देकार मागवले. एक कंगव्याचा कारखानदार होता, एक करवत विकणारा होता आणि तिसऱ्याने पत्र वाचून पोलिसांत कळवलं. मी हे सगळं टिप्पणीत मांडून 'दात उपलब्ध नाहीत' असा शेरा मारला.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. कानस काहीतरी समजावून सांगायला लागला आणि साहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकत नव्हते, नुसते बघत होते.

"हे काय आहेत?" त्यांनी विचारलं.

"काय साहेब?"

"हेच. कार्यालयीन वेळेत, कार्यालयाच्या आवारात, वापराविना पडून असलेले. आणि भांडारपाल लिहितात उपलब्ध नाहीत!"

मी खाली मान घातली. चूक माझीच होती. रोज समोर दिसणारी वस्तू मी हिशेबात धरली नव्हती.

कानसला विरोध करता आला असता. पण त्याने क्षणभर विचार केला आणि त्याला मुलगी आठवली असणार. मुलाखतीला अकरा आठवडे होते. "ठीक आहे," तो म्हणाला. "डावीकडे चूर्ण लावतो, उजवीकडे नुसतं पाणी. दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसल्या की कुणाला शंका राहायला नको. मला शिक्क्याशी मतलब." इतकं शहाणपणाचं परीक्षण आमच्या कार्यालयात पूर्वी कधी झालं नव्हतं.

परीक्षणासाठी वापरायची वस्तू जडसंग्रहात असलीच पाहिजे, त्यामुळे मी वही उघडली. पान ११४. कानसला खिडकीपाशी बसवून 'आ करा' म्हटलं आणि मोजले. एकतीस भरले. पुन्हा मोजले. एकतीसच.

"एक कमी आहे," मी म्हणालो.

"अक्कलदाढ. अकरा वर्षांपूर्वी काढली."

"निर्लेखनाची, म्हणजे वहीतून कमी करायची, परवानगी घेतली होती?"

"अहो वहीवाले, तेव्हा ती माझी होती!"

त्याचं म्हणणं मला पटलं, पण पटण्याने रकाना भरत नाही. त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला, डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आणि मग नोंद केली : 'दात, मानवी, नग ३१, रंग मळकट पांढरा, ताबा : परीक्षक (घासणे).' प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक टाकायचा असा नियम आहे. त्याला कानसने हरकत घेतली की घासताना क्रमांक निघून जाईल आणि परीक्षण रंगाचं होईल. मी समजूतदारपणा दाखवला. क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीला बांधली.

वस्तू कार्यालयाची झाली म्हटल्यावर बाकीचं ओघानेच आलं. संध्याकाळी दात आवाराबाहेर जाणार, म्हणून रोज गेटपास. 'दात, नग ३१, परत येण्याची अपेक्षित वेळ सकाळी १०.' फाटकावरचा पहारेकरी 'आ करा' म्हणायचा आणि पेन्सिलने मोजायचा. एके दिवशी त्याला तीसच दिसले, तेव्हा कानसला पाऊण तास थांबवून ठेवलं. शेवटी मी टॉर्च घेऊन गेलो आणि मागच्या बाजूला एक सापडला. दुपारच्या डब्याचाही प्रश्न आला, कारण सरकारी वस्तू खासगी चावण्यासाठी वापरता येत नाही. साहेबांनी मन मोठं केलं आणि 'मऊ पदार्थांपुरती' मुभा दिली. कानस सहा आठवडे भात कालवून खात होता. तक्रारीचा सूर त्याच्या तोंडून निघाला नाही.

पंधरा दिवसांत डावी बाजू अशी उजळली की विचारू नका. चहाचे, सुपारीचे, वयाचे सगळे डाग गेले. कानस समोरून आला तर दोन वेगवेगळी माणसं एकाच तोंडाने बोलताहेत असं वाटायचं. साहेबांनी तोंडात बोटं घातली, म्हणजे स्वतःच्या. लगेच छायाचित्रकार बोलावून डाव्या बाजूने फोटो काढला आणि 'अंतरिम अहवाल : परिणाम समाधानकारक' असं वर कळवलं. एक प्रत उत्पादकाला गेली.

"हा फक्त मळ निघालाय, साहेब," कानस सांगत होता. "वरचा थर पण बरोबर जातोय. तो दिसायला वेळ लागेल."

"जे दिसत नाही ते अहवालात कसं लिहायचं?" साहेबांनी विचारलं, आणि हा प्रश्न मला तरी रास्त वाटला.

त्या संध्याकाळी घरी मुलगी त्याच्या डावीकडे बसली. "बाबा, किती छान दिसताय! दहा वर्षांनी लहान." मग उजवीकडे जाऊन बसली. "आणि इकडून आजोबा." दुसऱ्या दिवसापासून ती दोनाच्या ऐवजी तीन वेळा घासायला लागली. कानस मला म्हणाला, "शिक्का लवकर पाहिजे हो, वहीवाले." पहिल्यांदाच त्याचा आवाज खरखरीत नव्हता.

सातव्या आठवड्यात, एका गुरुवारी, चहा आला. कानसने घोट घेतला आणि खुर्चीवरून असा उडाला की यंत्राचा खटका आपोआप दाबला गेला. गरम डावीकडे सहन होईना. गार पाणी प्यायला तर डोळ्यांतून धारा. मग पंख्याचा वारा लागायला लागला. तो डाव्या गालावर जुनी नस्ती धरून बसायचा आणि कुणी दार उघडलं की शहारायचा. हसायचं झालं तर उजव्या बाजूने हसायचा, आणि हसण्यासारखंही फार काही उरलं नव्हतं.

आणि डावी बाजू पिवळी व्हायला लागली. आधी कडेकडेने, मग मधोमध. नवव्या आठवड्यात उजवीकडचे मळकट दात डावीकडच्यांपेक्षा पांढरे दिसायला लागले.

मी त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो, कारण नग कार्यालयाचे होते आणि दुरुस्तीला नेताना भांडारपाल हजर लागतो. बाईंनी आरसा घालून बघितलं.

"हे बघा काका," त्या म्हणाल्या, "दातावर एनॅमलचा थर असतो. तो पांढरा. त्याच्या आतला दात पिवळाच असतो, सगळ्यांचा. तुम्ही वरचा थर घासून काढलात, आता आतला दिसतोय. जितकं पांढरं करायला जाल तितकं पिवळं होणार."

"परत कधी येतो हा थर?"

"येत नाही."

"म्हणजे सहा महिने? वर्ष?"

"केस येतात, नखं येतात. हा येत नाही. जो आहे तेवढाच. त्यावर काही लेप देता येतील, ठणका कमी होईल, पण गेला तो गेला."

कानस खुर्चीत उठून बसला. स्वतःच्या दातांबद्दल त्याने पुढे काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तीन वेळा घासलं, दोन्ही बाजूंनी, तर किती दिवसांत?"

त्याच दिवशी त्याने अकरा पानी अहवाल लिहिला. दोन्ही बाजूंचे फोटो जोडले, डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडलं, फरशीचा तुकडासुद्धा जोडला. मी आजवर इतका स्वच्छ अहवाल बघितलेला नाही. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. मुलाखतीला दोन आठवडे राहिले होते.

अहवालावर विचार करायला समिती बसली. समितीत साहेब, पाला विभागाच्या प्रमुख बाई आणि उत्पादकाचा प्रतिनिधी. प्रतिनिधी हा गोड बोलणारा माणूस होता आणि तोंड शक्यतो मिटून बोलायचा.

"ठणकतंय ना? उत्तम," तो म्हणाला. "म्हणजे चूर्ण आतपर्यंत पोचलं."

"आणि पिवळेपणा?" साहेबांनी विचारलं.

"ती आतली घाण बाहेर येतेय. आणखी घासलं की जाईल. मुळात चूक परीक्षणातच आहे. यांनी उजवी बाजू घासलीच नाही. तिकडची घाण इकडे सरकली."

पाला विभागाच्या बाईंनी चूर्णातला पाला भिंगाखाली बघून ठेवला होता. "अकराही पाले अस्सल आहेत," त्यांनी सांगितलं. "कोळसा माझ्या विभागात येत नाही."

मग प्रश्न आला की दाताचा थर किती झिजला म्हणजे जास्त. यासाठी कुठेतरी मर्यादा हवी. सगळी कपाटं शोधली. आमच्या कार्यालयात झिजेची एकच मंजूर मर्यादा निघाली, ती फरशीची. ती फरशी बाजारात, वर्दळीच्या जिन्यात, तीस वर्षं टिकायला हवी अशा हिशेबाने ठरवलेली. साहेबांनी डाव्या दातांची झीज आणि उजव्या दातांची झीज एकत्र करून त्यांची सरासरी काढली. सरासरी दात फरशीच्या मर्यादेत आरामात बसला.

"साहेब," कानस उभा राहिला. "दात म्हणजे फरशी नव्हे. तुमची सही आहे त्यावर."

"ते सुरुवातीला. आता आपण बरेच पुढे आलोय."

"मग मी या निष्कर्षावर सही करणार नाही."

"तुमची सही चालणारच नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "नोंदीप्रमाणे तुम्ही नमुना आहात. नमुन्याने स्वतःबद्दल मत देणं म्हणजे पक्षपात. उद्या पायपुसणं म्हणायला लागेल मला त्रास होतो, तर काय परीक्षण बंद करायचं?"

सगळे हसले. प्रतिनिधीसुद्धा मिटल्या तोंडाने हसला. मग सही कुणाची, यावर नियम बघितला गेला. नमुना बोलू शकत नसेल तर तो ज्याच्या ताब्यातल्या वहीत आहे, त्याने प्रमाणित करावं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा कानस समोर येऊन बसला. "वहीवाले, सहीच्या आधी एकदा बघून घ्या," तो म्हणाला आणि त्याने आपणहून आ केला. मी टॉर्च लावला. डावीकडच्या कडा जुन्या साबणाच्या वडीसारख्या झिजून पातळ झाल्या होत्या. मी सगळं नीट बघितलं. मला दिसलं नाही असं मी कधीही म्हणणार नाही.

पण वहीत प्रमाणित करायचे रकाने दोन. पहिला 'संख्या', दुसरा 'स्थिती'. संख्या एकतीस होती, ती बरोबर होती. स्थितीचा रकाना अर्ध्या इंचाचा आहे. अकरा पानं त्यात बसत नाहीत. मी त्यात 'ठीक' लिहिलं आणि सही केली. कानसने तोंड मिटलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त गुंडीची चिठ्ठी सोडली, माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. मग दाराशी थांबून परत आला, कारण गेटपास राहिला होता.

आठ दिवसांत नवे डबे बाजारात आले. हिरवा डबा, पान, आणि पानाशेजारी डावीकडून काढलेला एका हसऱ्या गृहस्थाचा अर्धा चेहरा. खाली आमचा गोल शिक्का : 'तपासलेले.' कानसच्या मुलीने तो डबा घरी आणला आणि बापाच्या हातात ठेवला.

"आला शिक्का. आणि वर तुमचा फोटो! बाबा, तुम्हीच घाबरवत होता मला."

कानसने तोंड उघडून दाखवलं. ती म्हणाली, "हे वयामुळे हो. फोटोत बघा ना." तो बोलायला गेला, तेव्हा तिने बोट वर करून कराराची आठवण करून दिली. एक शब्द काढायचा नाही. आणि त्याने खरंच काढला नाही, कारण शिक्का कार्यालयाचा होता आणि त्याविरुद्ध काय बोलायचं हे त्याला सव्वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. याचं मला वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

मुलाखतीनंतर तिसऱ्या दिवशी पोरगी माझ्या खिडकीपाशी उभी राहिली. मी तिला ती चालायला लागल्यापासून ओळखतो. तोंडावर रुमाल होता.

"काका, तक्रार इथेच घेतात ना?"

"इथेच. काय झालं?"

"आत गेल्या गेल्या गार पाण्याचा पेला ठेवला त्यांनी समोर. नाही कसं म्हणायचं? एक घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं रडतेय. मग म्हणाले, हसून दाखवा." तिने रुमाल वर ओढला. "दातांच्या रंगांची पट्टी असते त्यांच्याकडे. माझा रंग पट्टीत नव्हता."

"डॉक्टरीणबाईंकडे गेली होतीस?"

"हो. थोडा थर राहिलाय म्हणाल्या. आता थांबले तर तेवढा राहील."

मी तक्रारीचा नमुना काढला. त्यातलं चौथं कलम असं आहे की बाधित वस्तू पडताळणीसाठी कार्यालयात जमा करावी. मी तिला ते वाचून दाखवलं. दुसरं काय करणार? जडसंग्रह उघडला. पान ११५. "आ कर, बाळा," म्हटलं. तिने रुमाल काढला. मी मोजले. बत्तीस. एकही कमी नाही. तरुण वयात सगळे असतात.

"काका," ती म्हणाली, "डब्याच्या बुडाला बारीक अक्षरात एक सही आहे. बाबांची नाहीये. कुणाची?"

"नोंद चालू असताना बोलू नये," मी म्हणालो.

संख्येच्या रकान्यात बत्तीस लिहिलं. स्थितीच्या रकान्यात हाताने सवयीने 'ठीक' लिहिलं. ती बघत होती. मग मी ते खोडलं. बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. त्या अर्ध्या इंचात दुसरं काय लिहावं ते सुचेना, तेव्हा जागा तशीच सोडली. साहेबांनी त्याबद्दल माझा खुलासा मागवला आहे आणि तो मी यथावकाश देणार आहे.

आजवर डबा उलटा करून बुडाची सही वाचणारी ती एकटीच. बाकी इतके डबे खपले, तुम्हीही कुठल्यातरी फळीवर एक ठेवलाच असेल. पान आवडलं, शिक्का दिसला, तेवढं पुरलं ना? आणि गेली दहा मिनिटं तुम्ही जिभेने पुढचे दात चाचपताय, तेही माझ्या लक्षात आलं आहे. असू द्या. पान ११६ कोरं ठेवलं आहे. खिडकी साडेपाचपर्यंत उघडी असते. येताना डबा विसरलात तरी चालेल, दात तेवढे आठवणीने आणा.